हैबतीच्या पाणपोईवरचा वेल

माळावरच्या एका गावाबाहेर, तीन रस्ते मिळतात तिथे, हैबती नावाचा म्हातारा पाणपोई चालवत असे. चालवत असे म्हणजे काय, विहिरीचे पाणी शेंदायचे, रांजण भरायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत ओतायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर रांजणांवर सावलीसाठी शिंदीच्या झावळ्या तोडून आणायच्या, हेही त्याचेच काम. ते करून करून त्याची कंबर पार कामातून गेली होती. "आता बास झालं," असे तो रोज रांजणांना सांगे. रांजण बिचारे ऐकून घेत.

त्या वर्षी झावळ्या तोडायच्याच नाहीत, असे त्याने ठरवले. काठ्यांचा मांडव घातला आणि खांबाच्या बुडाशी दुधी भोपळ्याचे बी लावले. वेल मांडवावर पसरला की सावली आपोआप होणार होती. वेल उगवलाही, पण तो आपल्या चालीने चालला. ऊन मात्र रोज चढत होते. दुपारी रांजणातले पाणी कढत होऊ लागले. एका वाटसरूने तर घोट घेतला आणि थुंकून टाकला. हैबतीला ते फार लागले.

शेजारच्या द्राक्षबागेचे मालक शिवलिंग मगदूम तेव्हा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "हैबतीबाबा, द्राक्षाच्या घडांना वापरतो ते वाढीचं औषध उरलंय माझ्याकडं. पाण्यात चमचाभर घाला नि फवारा. बघा कसा सुटतोय वेल."

हैबतीने चमचाभर घातले. वेल खरेच सुटला. मग चमच्याने एवढे, तर वाटीने केवढे! थकलेल्या माणसाला हा हिशेब फार लवकर सुचतो. हैबतीने वाटी वापरली. वेल लांबच लांब, किडकिडीत होत मांडवाला जाऊन भिडला. आणि एक दिवस बाटली संपली.

वेल तिथेच थबकला. नवी पाने आली ती चिंचोक्याएवढी, आत वळलेली. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून हैबतीने वाट पाहिली. शेवटी तो भडकलाच.

"मुडद्या, एवढं पाजलं तुला, आन् आता बसून राहिलास व्हय?"

वेल दमलेल्या आवाजात म्हणाला, "बाबा, ओरडू नका. वाढीचा रस आम्ही झाडं आपला आपणच करतो. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप करता ना तुम्ही? तसंच अंगातल्या स्निग्ध अंशातून, एकेक पायरी करत. शेवटी निघतो तो थेंबाहूनही थोडा. पण तेवढ्यावरच सगळी वाढ चालते. जिथं करतो तिथंच वापरतो, आणि पुरेसा झाला की करणं थांबवतो. तुमच्या बाटलीत तोच रस होता. तुम्ही वरून एवढा ओतलात, मला वाटलं आता भरपूर आहे. मी चूल विझवली. आता तुमचाही संपला आणि माझाही."

"मग पेटव की परत!"

"पेटवेन. पण सावकाश. तोवर उन्हाळा सरत आला असेल."

तेवढ्यात मगदूम दुसरी बाटली घेऊन आले. हैबतीने ती हातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. एकदा ओतले की आठवड्यात पाने फुटणार होती. झावळ्या तोडायला जावे लागणार नव्हते. कंबर तर ओत, ओत म्हणून ठणकत होती. त्याच्या मनात ओतायचेच होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याने बाटली परत केली. "न्या मगदूम. मी पाजतच बसलो, तर हा जन्मभर माझ्याच तोंडाकडं बघंल."

"अन् सावलीचं काय?"

"हायेत की झावळ्या," हैबती म्हणाला आणि त्याने कोयता उचलला.

अर्ध्या झावळ्या तोडून झाल्या आणि त्याच्या कमरेने दगा दिला. तो बांधावर बसून रडला. असल्या कामाला टाळी वाजवायलाही कोणी नसते. ज्या झावळ्या आणल्या त्या एक रांजण सोडून बाकीच्यांना पुरल्या. वेलाला तो रोज नुसते पाणी घालत राहिला, दुसरे काहीही नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा वेलाला तळहाताएवढी पाने फुटली. मांडवाच्या एका कोपऱ्यात थोडी सावली पडली. हैबतीने उघड्यावरचा रांजण तिथे ओढून नेला आणि आपण बाहेर उन्हात बसला.

पाणी पिऊन एक बाई म्हणाली, "बाबा, तुम्ही का उन्हात? बसा की सावलीला."

"जागा एका रांजणापुरतीच हाय, पोरी," हैबती म्हणाला. "पण ती ह्या वेलानं त्याची त्यानं केलीया."

तात्पर्य: ज्याला स्वतःच्या बळावर वाढायचे आहे, त्याला बाहेरचे बळ अतोनात पाजू नये. त्याची स्वतःची चूल विझते, आणि ती पुन्हा पेटेपर्यंत पाजणाऱ्यालाच उन्हात बसावे लागते.