गिऱ्हाईक नसलेलं रिसेलर खातं

देवगडच्या शर्वरी मुणगेकरांच्या तीन वेबसाइट होत्या: आंब्यांची, होमस्टेची आणि नवऱ्याच्या भजनी मंडळाची. तिन्ही एकाच साध्या होस्टिंग खात्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या एकाच भाड्याच्या जागेत होत्या, त्यामुळे एकीत व्हायरस शिरला की तिन्ही आडव्या व्हायच्या. निस्तरून निस्तरून थकल्यावर बाईंनी रिसेलर खातं घेतलं. त्यात प्रत्येक साइटला वेगळी खोली आणि वेगळं कुलूप.

ऐन आंब्याच्या हंगामात होस्टिंग कंपनीचे मॅनेजर दाभाडे फोनवर कडाडले, "रिसेलर खातं दुसऱ्यांना जागा विकण्यासाठी असतं! तुमचं तर एकही गिऱ्हाईक दिसत नाही. संध्याकाळी खातं बंद करतो."

बाईंच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "तुमच्या कंपनीची वेबसाइट कुठे ठेवलीय हो?"

"आमच्याच सर्व्हरवर! ती काय परक्याकडे ठेवू?"

"मग तिथलं गिऱ्हाईक कोण?"

"गिऱ्हाईक कशाला हवं? आमचीच तर आहे ती!"

"मग आधी ती बंद करा," बाई जांभई देत म्हणाल्या. "ती बंद झालेली दिसली, की माझं खातं खुशाल बंद करा."

आंब्याचा हंगाम आता संपत आला. कंपनीची साइट अजून चालू आहे, त्यामुळे बाईंच्याही.