धुरपाआजीचं पाझरतं मडकं

ऐका रे पोरांनो. एकदा काय झालं, एका राणीला डोहाळे लागले. हेमवती तिचं नाव. आता राणीचे डोहाळे म्हणजे काय, मोत्याचा हार नाहीतर चांदीचा झोपाळा! छे. तिला हवं होतं दही. पण साधंसुधं नाही बरं का. माहेरी, तिच्या आईच्या हातचं, गोड आणि गार दही. राजवाड्यातलं दही आणलं, राणीनं तोंड फिरवलं. खीर आणली, तोंड फिरवलं. आमरस आणला, तरी तोंड फिरवलं! हो दिन्या, आमरससुद्धा. पोटात अन्न ठरेना. राणी सुकत चालली. वैद्यानं नाडी पाहिली आणि राजाला सांगितलं, "महाराज, डोहाळा पुरवा. नाहीतर आई आणि बाळ, दोघांचंही काही खरं नाही."

पण माहेर होतं माळापलीकडे. तीन दिवसांची वाट. ना झाड, ना विहीर. त्यातून वैशाख. आणि त्या माळावर राहायचा झळोबा. झळोबा म्हणजे उन्हाचा गरम वारा. सदा तहानलेला. दिसेल ते सुकवायचा. त्याच्या भीतीनं राणीची आई लग्नानंतर एकदाही लेकीकडे आली नव्हती. म्हातारं माणूस, पाण्यावाचून चालणार कसं?

मग राजानं दवंडी पिटवली. जो कुणी माहेरचं दही गार आणील, त्याला अर्धं राज्य!

पहिला उठला सेनापती. त्याचा घोडा म्हणजे नुसती वीज. त्यानं दही चांदीच्या भांड्यात भरलं, वर चार घोंगड्या गुंडाळल्या, म्हणजे झळोबाचं बोटसुद्धा लागायला नको. आणि निघाला की टपाटप, टपाटप. एका दिवसात हजर! भांडं उघडलं तर काय? दही पार घुसळून गेलेलं. खाली कढत ताक आणि वर वितळलेलं लोणी. राणीनं तोंड फिरवलं.

मग उठला प्रधान. हा फार हुशार, निदान त्याला तसं वाटायचं. त्यानं लांबच्या डोंगरावरून बर्फ आणवला. चाळीस गाड्या! बर्फावर भुसा, भुशावर ताडपत्री, मधोमध दह्याचा हंडा. पण एवढं ओझं ओढायचं कुणी? बैल दमले, चाकं रुतली, गाड्यांमागे पाण्याच्या धारा लागल्या. झळोबा आपला मजेत पीत बसला. बारा दिवसांनी प्रधान पोचला तेव्हा बर्फाचा खडा उरला नव्हता, आणि दह्यावर हिरवी बुरशी. राणीनं तोंड फिरवलं. प्रधानानं स्वतःच नाक दाबलं.

आता राणीला उशीवरून मान उचलवेना. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दरबारात आली धुरपाआजी. वेशीबाहेर मडकी विकायची ती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं.

"मी आणते दही," म्हणाली.

"तुला काय काय लागेल?" राजानं विचारलं.

"काही नको. माझं मडकं आहे, एक जुनं लुगडं आहे, प्यायच्या पाण्याची छागल आहे. झालं."

मडक्याच्या बुडाशी थेंब जमले होते. प्रधान हसला. "म्हातारे, अगं मडकं गळतंय तुझं!"

"गळत नाही, पाझरतंय," धुरपाआजी म्हणाली आणि चालायलाच लागली. अशा माणसाशी कोण वाद घालणार!

माहेरी पोचली. राणीच्या आईनं लेकीचे हाल ऐकले आणि पदरानं डोळे पुसले. मग एका गडूत दही लावलं. "लेकीला म्हणावं..." एवढंच बोलली. आणि गडू धुरपाआजीच्या हाती ठेवला.

धुरपाआजीनं मडक्यात आणि छागलेत विहिरीचं पाणी भरलं, मडक्यातल्या पाण्यात दह्याचा गडू बसवला. बाहेरून ओलं लुगडं गुंडाळलं आणि माळाला लागली.

पहिल्या दिवशी झळोबा आला फणफणत. सगळे त्याला बघून झाकाझाक करायचे. धुरपाआजीनं मडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "ये बाबा. तहान लागलीय ना? हे लुगडं चाट. पण फुकट नाही हं. जितकं पाणी पिशील, तितकी मडक्यातली ऊब घेऊन जायची." झळोबानं लुगडं चाटलं, सुर्र सुर्र. ऊब घेऊन गेला. मडकं गारेगार!

दुसऱ्या दिवशी लुगडं सुकलं. धुरपाआजीनं आपल्या छागलेतलं पाणी त्यावर ओतलं. झळोबा प्याला, ऊब घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी छागलेत उरला एकच घोट. लांब राजवाड्याचा कळस दिसत होता. धुरपाआजीची जीभ टाळ्याला चिकटली होती. मडक्यात पाणी होतं, पण ते काढलं तर दही तापलं असतं. तिनं छागल तोंडाशी नेली. मग तिला उशीवरची ती पोर आठवली. तिनं घोट लुगड्यावर ओतला.

झळोबा प्याला. मग त्यानं तिचे फुटलेले ओठ पाहिले. "म्हातारे, तू काय प्यालीस?"

"माझं राहू दे रे. तुझी तहान भागली ना?"

आजवर असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. झळोबा लाजला. गुपचूप तिच्या मागे गेला आणि पाठीला हात लावून तिला पुढं ढकलायला लागला. धुरपाआजीचे पाय जमिनीला लागेनात! दिवस मावळायच्या आत ती राणीच्या पलंगापाशी.

गडू उघडला. दही कसं? घट्ट, गोड आणि हाताला झिणझिण्या येतील असं गार. राणीनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला आणि उठून बसली. तिनं धुरपाआजीचे ओठ पाहिले आणि मडक्यातलं पाणी पेल्यात ओतून तिच्या हाती दिलं. "आजी, आधी तुम्ही प्या."

राजा तर आनंदानं नाचायचाच बाकी. "मडकं सोन्यानं मढवा!"

"नको महाराज," धुरपाआजी म्हणाली. "सोन्याला घाम फुटत नाही. ज्याला घाम फुटतो, तेच गार राहतं."

"मग अर्धं राज्य घे!"

"आणि ते झाडायचं कुणी? त्यापेक्षा माळावर कोसाकोसाला मांडव घाला. प्रत्येक मांडवात माझं एक मडकं आणि त्याला ओलं फडकं."

राजानं तसं केलं. झळोबा फडकी चाटायचा, मडकी गार करायचा. माळावरून माणसं जाऊ-येऊ लागली.

राणीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी माळाकडून एक म्हातारी काठी टेकत आली. कमरेवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला गडू. प्रत्येक मांडवात पाणी पीत पीत तीन दिवस चालली होती ती. राणीनं खिडकीतून पाहिलं आणि "आई!" म्हणून अनवाणी धावत सुटली. गळ्यात पडली ती सोडेचना. गडूकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दही? ते राजानं खाल्लं.

मग सगळी सुखानं राहिली. आजी नातीला मांडीवर घेऊन बसायची, धुरपाआजी मडकी विकायची, झळोबाची तहान भागायची. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. आपल्या माठालाही मी ओलं फडकं गुंडाळलंय. सुर्र आवाज आला तर घाबरू नका. झळोबा आला असेल, पिऊ दे त्याला.