वेंडेलचा हात

“पण यात माझा काय दोष, फादर?”

मठाच्या बागेत वृद्ध फादर आन्सेल्म सफरचंदाच्या फांद्या छाटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर वेंडेलिन हास्लिंगर, सगळ्यांचा वेंडेल, उभा होता. ऑस्ट्रियाच्या फुटबॉल संघाचा एके काळचा नावाजलेला बचावपटू, लहानपणी याच मठाच्या शाळेत फादरांच्या हाताखाली शिकलेला. खेळ सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी गावच्या मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव होतं, आणि सामन्याला आला की लोक अजून त्याच्याभोवती गोळा होत.

“तुझा दोष आहे असं कोण म्हणालं?”

“तारिक. माझ्या जागी खेळतो तो. काल घरी आला आणि म्हणाला, मी क्लब सोडतोय. त्याच्याकडून जरा चूक झाली की लोक माझ्या नावाने ओरडतात. आता मी काय लोकांची तोंडं धरू?”

“तू कुठे असतोस तेव्हा?”

“स्टँडमध्ये. गप्प बसलेला.”

“गप्प...”

“अगदी गप्प.”

“ते ओरडतात तेव्हा काय करतोस?”



“हात वर करतो. एवढंच. लोकांचा मान नको राखायला?”

“करून दाखव.”

हात सवयीने वर गेला. त्याबरोबर चेहऱ्यावर हसूही आलं. फादर कात्री थांबवून त्या हसण्याकडे बघत राहिले...

वेंडेलने हात खाली घेतला.

“रविवारी मी येतो तुझ्याबरोबर,” फादर म्हणाले.

रविवारी सामना बरोबरीत चालला होता. उत्तरार्धात समोरच्या खेळाडूने तारिकला चकवलं आणि गोल झाला. मग एका कोपऱ्यातून सुरुवात झाली. वेंडेल... वेंडेल... बघता बघता सगळं मैदान तेच नाव घेऊ लागलं. माना स्टँडकडे वळल्या. खाली तारिक कमरेवर हात ठेवून गवताकडे बघत उभा होता.

वेंडेलचा हात गुडघ्यावरून उचलला गेला.

फादरांनी त्याला अडवलं नाही. ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

हात पुन्हा गुडघ्यावर आला.

आवाज वाढला. “हात कर की, वेंडेल,” मागून कोणीतरी म्हणालं. मग त्याचा खांदा हलवला. वेंडेल समोर बघत राहिला. बोटं गुडघ्यात रुतली होती.

“एवढा माज?” मागचा माणूस म्हणाला.

कोणीतरी शिट्टी मारून हुर्यो केली. या वेळी ती तारिकसाठी नव्हती.

हळूहळू घोषणा विरल्या. खेळ पुन्हा सुरू झाला. तारिकने धावत जाऊन गोलकडे निघालेला एक पास तोडला. कोणाचं लक्षही गेलं नाही.

“फादर,” वेंडेल म्हणाला, “आजपासून हे लोक मला विसरतील.”

फादर मैदानाकडेच बघत होते.

“हात मोकळे आहेत ना? टाळी वाजव.”