काठीवरची दोरी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं एक गाव होतं. गावात एक म्हातारा कोतवाल आणि त्याच्या हाताखाली काही पहारेकरी. त्यांची काठी मात्र जगावेगळी. बांबू मुद्दाम न तासलेला, आणि मुठीच्या जागी सुती दोरी गुंडाळलेली. चोर अंगावर आला तर काठी चालवायची. पण त्याला बांधायला वेगळी दोरी मिळायची नाही, हीच सोडावी लागायची. मग मूठ उघडी पडे, आणि तशी काठी हाणली की हाणणाऱ्याच्याच तळहातात कुसळं घुसत. नियम सोपा होता. दोरी सुटली की काठी जमिनीवर. बांधलेल्याला मारायचं नाही.

एका बाजाराच्या दिवशी चोराने कुंभारीण आजीचं गाढव पळवलं. गाढव गेलं तर माती कोण वाहणार? म्हातारी वेशीत बसून रडायला लागली. एका तरुण पहारेकऱ्याला ते बघवेना. गुणी पोरगा हो, सगळ्या गावाचा लाडका. त्याने धावत जाऊन ओढ्यापाशी चोराला गाठलं.

चोराने कोयता उगारला. पहारेकऱ्याने त्याच्या मनगटावर काठी मारली, कोयता खाली पडला. मग दोरी सोडून त्याने चोराचे हात बांधले आणि काठी जमिनीवर ठेवली. इथवर सगळं ठीक झालं.

तेवढ्यात गाव धावत आलं.

"बघतोस काय? हाण त्याला," तेली म्हणाला. "हातात बांगड्या भरल्यास का?"

लोक हसले. पहारेकऱ्याच्या डोळ्यांपुढे रडणारी म्हातारी आली आणि डोकं फिरलं. त्याने काठी उचलली आणि चोराच्या पायावर दोनदा हाणली. चोराचा पाय मोडला. लोकांनी पहारेकऱ्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर कोतवालाने विचारलं, "याचा पाय कसा मोडला?"

"पळताना पडला," तेली घाईघाईने म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"हात दाखव, बाळा," कोतवाल पहारेकऱ्याला म्हणाला.

त्याने मूठ उघडली. तळहात कुसळांनी सुजला होता.

"त्याने आमच्यासाठीच मारलं," तेली पुटपुटला.

"असं? मग तुम्हीही हात दाखवा."

एकाच्याही तळहाताला ओरखडा नव्हता. ओरडायला सगळे होते, कुसळं मात्र एकट्याच्या वाट्याला आली.

कुंभारीण म्हणाली, "मला माझं गाढव हवं होतं रे, ते मिळालं. त्याचा पाय घेऊन मी काय करू?"

कोतवालाने सुई मागवली आणि स्वतः पहारेकऱ्याच्या हातातली कुसळं काढली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "चोरीची शिक्षा मी देईनच," तो म्हणाला. "तू त्याला फक्त माझ्यापर्यंत आणायचं होतंस. आता त्याचा पाय बरा होईपर्यंत तुला काठी मिळणार नाही. त्याला उठवायचं, बसवायचं, जेवू घालायचं, सगळं तूच करशील."

पहारेकऱ्याने काठी कोतवालाच्या पायाशी ठेवली. काठी गेल्याचं त्याला फार लागलं, पण त्याने चोराची सेवा मनापासून केली.

एकदा भाकरी खाताना चोर म्हणाला, "तू माझे हात बांधलेस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"बरं?"

"लोक धावत येताना दिसत होते. म्हटलं, आता हा आपल्याला वाचवेल."

पहारेकऱ्याने हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला रडू आवरेना.

पाय बरा झाला, चोर आपली शिक्षा भोगायला गेला आणि काठी परत मिळाली. पुढे बाजारात एक पाकीटमार सापडला. पहारेकऱ्याने त्याचे हात बांधले. लोक ओरडू लागले, तेली तर सगळ्यांत पुढे. पहारेकऱ्याने काठी जमिनीवर ठेवली आणि पाकीटमाराच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"आता हा माझ्या राखणीत आहे," तो म्हणाला. "मारायचं असेल तर आधी मला मारा."

कुणी पुढे आलं नाही.

तात्पर्य: ज्याचे हात आपण बांधले, त्याला जपणं हेही आपलंच काम असतं, मग तो चोर का असेना.