हवेतली कातर

त्या प्रदेशात लोकर ही अंगावर वाढवायची गोष्ट होती, उतरवायची नव्हे. मिरी नावाच्या तरुण मेंढीला हे ठाऊक नव्हते. लहान असतानाच तिच्या कळपाने, ज्याला सगळे 'मंडळी' म्हणत, तिला दूरच्या डोंगरावर शिकायला पाठवले होते. तिथे तिने पहिल्या कोकराची गाणी पाठ केली. फार पूर्वीच्या एका कडाक्याच्या हिवाळ्यात ते कोकरू कुंपणाबाहेरच्यांकडे गेले, आपली लोकर त्यांना पांघरायला दिली आणि उघड्या अंगाने मेले. तेव्हापासून थंडीच्या तोंडावर त्याच्या कळपाने आपली लोकर उतरवून वाटायची, असे ठरले होते. परत येताना मिरीच्या डोळ्यांसमोर हाच कळप होता. सडपातळ, चपळ, गवत वरच्यावर खुडून पुढे सरकणारा, शेजाऱ्यांना ऊब पुरवणारा.

तिला दिसले ते लोकरीचे ढीग. ढिगांना पाय असावेत, कारण ते हलत होते. डोळ्यांवर लोकर लोंबत असल्याने सगळे मान खाली घालून पुढच्याच्या घंटेमागे चालत, आणि याला ते नम्रता म्हणत. ओझ्यामुळे लांबच्या कुरणापर्यंत कुणाला जाववत नव्हते. म्हणून जवळचे कुरण मुळासकट खाऊन झाले होते आणि आता खुरांनी माती उकरणे चालू होते. अधूनमधून एखादी मेंढी स्वतःच्याच भाराने उलटी पडे. तिला उठता येत नसे. मग बाकीच्या तिच्याभोवती गोळा होऊन, तिला आता आकाश दिसले, असे गाणे म्हणत. गाणे गोड होते. ढकलून उभे करायला मात्र कुणी पुढे होत नसे.

मिरीची मावशी केवडा हिने भाचीला जवळ घेतले, हुंगले आणि तिच्या पाठीला तोंड लावून पाहिले.

"लोकर एवढीशीच? डोंगरावर खायला घालत नव्हते का गं?"

कुंपण बोरी-बाभळीच्या फांद्यांचे होते. त्याच्या डाव्या अंगाला उघडा माळ होता, आणि माळावर शेळ्या राहत. त्यांच्यातली हरणी थंडीच्या आधी व्याली होती. तिचे करडू अंगाने कोरडे होऊन उभे राहिले, पण वारा सुटल्यापासून ते थरथरायचे थांबले नव्हते. हरणी रोज कुंपणाशी येऊन करडाच्या खड्ड्यात अंथरण्यापुरती लोकर मागे. आतून उत्तर मिळे की मंडळी तिची रोज संध्याकाळी प्रार्थनेत आठवण करते. ते खरेही होते. शिवाय वर्षातून एकदा, आपोआप गळालेली, शेणाने चिकटलेली लोकर बाहेर ढकलली जाई. यंदाची ढकलून झाली होती.

मिरी सणाची वाट पाहत राहिली. कातरणीचा सण आला की सगळे नीट होईल, असे तिला वाटत होते.

सण आला. मंडळीचे प्रमुख, ज्यांना सगळे 'वडील' म्हणत, वाकशिंगे नावाचे एडके होते. त्यांची लोकर सगळ्यांत मोठी, म्हणून त्यांचा शब्दही. त्यांनी सोनेरी मुलाम्याची कातर तोंडात धरली आणि एकेका मेंढीच्या पाठीवर, वीतभर उंच, हवेत वाजवली. खट, खट. ज्या मेंढीवर ती वाजे ती मान लववून म्हणे, "उतरले." मग पुढची. केवडामावशी म्हणाली तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

मिरीच्या पाठीवर कातर वाजली. तिने मान लववली नाही. वडिलांनी पुन्हा वाजवली.

"वडील, जरा खाली आणा," मिरी म्हणाली. "लोकरीला लागली नाही. हरणीचं करडू कुडकुडतंय. माझी तरी काढा."

कुणीतरी हसले. एका ढिगातून आवाज आला की पोरीला शिकायला पाठवले होते, सोलून घ्यायला नव्हे. दुसरा म्हणाला, डोंगरावर वारा फार, डोकी हलकी होतात. वाकशिंगे वडिलांनी कातर खाली ठेवली. ते रागावले नव्हते.

"बाळे, लोकरीला लावली तर हिची झळाळी जाईल. आणि शेळ्यांची जागा डावीकडे. ही वाटणी आपण केलेली नाही."

मिरीला तिथेच थांबता आले असते. पण तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, की पडलेल्यांना आकाश दिसते हे उठून कुणी सांगितले आहे का. त्यावर कुणी हसले नाही. ढीग चहूकडून तिच्याकडे सरकले. कुणी शिंग मारले नाही, कुणी चावले नाही. ते फक्त जवळ आले, आणखी जवळ आले, आणि त्या मऊ लोकरीत तिचा श्वास कोंडला. ती खाली बसली तेव्हा ते मागे झाले. वडिलांनी सांगितले की सकाळी सर्वांसमोर तिने 'उतरले' म्हणावे. नाही म्हटले तर या कुंपणाच्या आत तिला जागा नाही.

अंधार पडायच्या आत केवडामावशी तिच्याजवळ येऊन टेकली.

"म्हणून टाक ना. एक शब्द तर आहे. मी नाही का दरवर्षी म्हणत?"

"मावशी, तुला माझं तोंड दिसतं का?"

"त्याची काय गरज? आवाज ओळखते की मी तुझा," मावशी म्हणाली. मग तिने विचारले, "का गं, बदललंय का?"

सकाळी दव गोठले होते. मंडळी उजवीकडे, फाटकापाशी जमली. माळावरून करडाचा आवाज येत होता, कालच्यापेक्षा बारीक. मिरी उठली आणि डावीकडे चालू लागली. त्या बाजूला फाटक नव्हते, नुसते काटे होते.

काट्यांशी ती थांबली. एका जुन्या, जाड फांदीवर लोकरीचा पुंजका अडकलेला होता. इतका जुना, की तो पिवळा पडून फांदीच्या सालीतच रुतला होता. तो लहान कोकराच्या पाठीच्या उंचीवर होता. मिरीने तो जवळून पाहिला. त्याची टोके कातरलेली नव्हती. ती ओढून तुटलेली होती, आणि त्यांचा कल बाहेरच्या बाजूला होता, जणू गाण्यातले कोकरू इथूनच गेले होते.

मागे कातर वाजू लागली. खट, खट. पहिल्या कोकराचे गाणे सुरू झाले, आणि गाण्यातून मावशीची हाक आली, "मिरी, म्हण गं."

मिरीने पाय वाकवले, पाठ बरोबर त्या पुंजक्याखाली आणली, डोळे मिटले आणि काट्यांत शिरली.