दोराचे दोन वाटे

एका गावात मध काढणारा एक माणूस राहायचा. गावामागे उभा कडा होता आणि कड्याच्या पोटात आग्या मोहोळं. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, धुरी द्यायची, पोळं कापायचं, असं ते काम. वर दोर धरायला बायकोचा भाऊच हवा, अशी तिथली रीत. दुसऱ्या कुणाचा हात एखादवेळी ढिला पडेल, पण सख्ख्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? मधाच्या पैशांचे पाच वाटे व्हायचे. उतरणाऱ्याचे तीन, दोर धरणाऱ्याचे दोन.

एकदा बाजारात मधाची वीस नाणी आली. मधवाल्याचं तोंड डंखांनी सुजलेलं, आणि मेहुणा शेजारी बसून निवांत फुटाणे खात होता. ते पाहून मधवाल्याचं डोकं फिरलं. मरायचं मी, हा नुसता वर बसणार, असं पुटपुटत त्याने आठाऐवजी चारच नाणी पुढे केली.

मेहुण्याने नाण्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं, दाजी," एवढंच म्हणून तो उठला.

भांडला असता तर बरं, असं मधवाल्याला वाटत राहिलं.

घरी बायकोने नाणी मोजली. बारा मडक्यात टाकली, चार परत सरकवली.

"ही माझ्या भावाची. माझ्या मडक्यात नकोत."

त्याने ती कनवटीला खोचली. देऊ उद्या, देऊ परवा, म्हणता म्हणता पुढचं मोहोळ काढायचा दिवस आला.

तो कड्यावरून उतरला. दोर जरा करकरला तरी तो दचकून कड्याला चिकटायचा. वारा होता की वर हात सैल झाला? चार नाण्यांपुरता दोर हा किती घट्ट धरेल? तो सारखा वर बघायचा, पण वर नुसतं आभाळ. कनवटीतली नाणी किणकिणत होती.

"धरलंय ना रे?"

"धरलंय, दाजी."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि पुन्हा. शेवटी वर बघण्याच्या नादात धुरीचा पेंढा हातातून निसटून दरीत गेला. पोळ्याला हातही न लावता तो वर आला.

वर येऊन बघतो तर दोराचं दुसरं टोक मेहुण्याच्या कमरेला आवळलेलं. दाजी पडला असता तर तोही गेला असता.

"हे कधीपासून बांधतोस?"

"पहिल्यापासून. एरवी वर येताना तुमचं लक्ष पोळ्याकडे असतं. नुसत्या हातांचा काय भरवसा?"

मधवाल्याने मान खाली घालून चार नाणी त्याच्या सोललेल्या तळव्यावर ठेवली. यापुढे निम्मं निम्मं करू, असंही म्हणाला.

मेहुणा हसला. "नको, दाजी. डंख तुम्हालाच बसतात. तुमचे तीन, माझे दोन."

मग त्याने नवा पेंढा वळायला घेतला. मधवाला पुन्हा उतरला, आणि या वेळी त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

तात्पर्य: वाटे सारखे नसले तरी न्याय होऊ शकतो; पण ज्याच्या भरवशावर आपण लटकलोय त्याचा वाटा कापला, तर तो दोर सोडत नाही, आपलाच धीर सुटतो.