एकोणचाळीस भोपळे

एकदा एका कारखानदाराला आपले दप्तर हलके करण्याची फार घाई झाली. त्याचा कारखाना कडबाकुट्टीची यंत्रे बनवी. त्याने फर्मान काढले की, संपलेल्या किंवा सोडून दिलेल्या पेटंटांचे सात वर्षांहून जुने कागद लगद्याच्या गिरणीला द्यावेत. मेलेल्या हक्कांच्या अस्थी सांभाळायला मी घाट बांधलेला नाही, असेही तो म्हणाला. भोवतालचे हसले, कारण हसण्याचा पगार त्यांना मिळत होता.

घाईचे कारण सर्वांना ठाऊक होते. गिरजा नावाच्या बाईचा उजवा हात त्याच्या यंत्राने कोपरापासून नेला होता आणि भरपाईचा खटला महिन्यावर आला होता. बारा वर्षांपूर्वी याच कारखान्याने एका दांडीचे पेटंट घेतले होते. हात आत ओढला जाऊ लागला की ती दांडी यंत्राचे रूळ तत्क्षणी थांबवी. पण तीन वर्षांनी वार्षिक शुल्क भरणे बंद झाले, पेटंट संपले, आणि दांडी एकाही यंत्राला लागली नाही. गिरजाचे यंत्र त्यानंतरचे. कारखानदार आता सांगत होता की, दांडी चाचणीत नापास झाली म्हणून सोडली.

दप्तर एका वृद्धाच्या ताब्यात होते. सारे त्याला तात्या म्हणत. त्याच्या हाताखाली वकिलीची पदवी घेतलेली एक तरुणी काम शिकत होती. तिच्यादेखत तात्याने दांडीच्या पेटंटचे लाल शिक्क्याचे, काचेत मढवलेले प्रमाणपत्र सरळ लगद्याच्या पोत्यात टाकले, आणि तेलाचे डाग पडलेली, कोपरे कुरतडलेली एक वही फडक्यात बांधून कपाटात ठेवली.

“तात्या, उलटं करताय तुम्ही. चष्मा कुठाय?”

“नाकावर आहे. तूच जरा वाकून बघ.”

तिने वही उघडली. ती चाचणीची होती. हाताऐवजी यंत्राच्या तोंडात दुधी भोपळे घातले होते. चाळीस घातले, एकोणचाळीस अखंड बाहेर निघाले. खाली कारखानदाराचे अक्षर होते: ‘दांडी उत्तम. पण लावली तर गिऱ्हाईक विचारेल, आधीच्या यंत्रांचं काय? सोडून द्या.’

तिने ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

तात्या म्हणाला, “प्रमाणपत्राची नक्कल सरकारी कार्यालयात कुणालाही मिळेल, मुली. आपण काय शोधलं ते जगजाहीर आहे. ते का सोडलं, हे या वहीबाहेर कुठंच लिहिलेलं नाही. कंपन्या भिंतीवर शोभणारा कागद जपतात आणि हा जाळतात. सात वर्षं कुणी ठरवली? गिरणीवाल्यानं? पेटंट मेलं म्हणून यंत्र मेलं का? आपलं एक जरी यंत्र कुणाच्या गोठ्यात फिरत असेल, तोवर ही वही ठेवायची.”

संध्याकाळी कारखानदाराने विचारले, सगळे कागद गिरणीला गेले ना? तात्याने सांगितले की, खटला तोंडावर असताना त्यातला कागद नष्ट करायचा तर तसा लेखी हुकूम द्यावा. हुकूम आला नाही. दुसऱ्या दिवशी तात्याच्या निवृत्तीचे पत्र आले. सोबत नारळ होता. कपाटाची किल्ली शिष्येकडे आली, आणि उरलेले कागद गिरणीला गेले की तिची नोकरी कायम करण्याचा गोड शब्दही.

सुनावणीत कारखानदाराच्या वकिलाने मालकाचे शपथपत्र वाचले की, दांडी निकामी होती व तिचे कागद नियमानुसार नष्ट झाले. त्याच्या मागच्या बाकावरून शिष्या उठली आणि तिने फडके सोडून वही न्यायाधीशांसमोर ठेवली. कारखानदार मागे वळला नाही. पुढच्या महिन्यात ती बेकार असणार, हे दोघांनाही कळले होते.

गिरजाला तिच्या वकिलाने ते पान वाचून दाखवले. तिने डाव्या हाताने त्यावरचे आकडे चाचपले. खटला जिंकणार की नाही, ते तिने विचारले नाही. शिष्येकडे पाहून ती एवढेच म्हणाली,

“म्हणजे बाई, भोपळे वाचवले होते यांनी.”